पासंग

डिकीत दोन गठ्ठे आहेत.
एक नदीकाठच्या सरकारी युनिव्हर्सिटीचा,
बंद पोलाद कारखान्याला पाठ टेकून उभी आहे ती.
दुसरा टेकडीवरच्या कॉलेजचा,
जिथे हिरवळीलाही इस्त्री असते
आणि एका वर्षाची फी माझ्या दोन वर्षांच्या कमाईहून मोठी.
मध्ये एकोणचाळीस मैल ओहायो.
सोम-बुध इथे, मंगळ-गुरू तिथे.
पुस्तक तेच, उदाहरणं तीच, खोकलाही तोच.
मी आयरीन ह्रुस्का, संख्याशास्त्र, कंत्राटी.

प्रश्नपत्रिका एकच काढते. वेळ वाचतो.
चौथा प्रश्न: दहा घरांचं उत्पन्न दिलं आहे,
त्यातलं एक कोट्यधीशाचं.
सरासरी काढा, आणि ती खोटं का बोलते ते लिहा.

टेकडीवर हा प्रश्न अर्धा सुटला तरी ए वजा.
असा नियम कुठे लिहिलेला नाही.
फक्त सत्र संपताना डीनबाई चहाला बोलावतात,
"आयरीन, तुमच्या वर्गाचा मध्यक जरा खाली दिसतो,"
म्हणतात, आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवतात.
गेल्या वर्षी एका लाथ्रॉपच्या वडिलांचा फोन आला.
आवाज चढवला नाही त्यांनी.
कधी चढवावा लागलाच नसावा.
त्या बी अधिकचं पुढे काय झालं, विचारू नका.

नदीकाठी फोन येत नाहीत.
यारित्झा रोसादो पहाटे चारपर्यंत गोदामात खोकी चढवते,
आठच्या तासाला पहिल्या बाकावर असते.
सी पाहून म्हणते, "ठीक आहे, मिस,"
सुटे पैसे न मोजता खिशात टाकावेत तसं.
त्या 'ठीक आहे'ला मी घाबरते.
ग्रेड इथेही फुगतात, उगाच सोवळं कशाला मिरवू?
गळती कमी दिसली की अनुदान टिकतं.
पण पाणी इथे घोट्यापर्यंत,
आणि तिथे, उंचावर, गळ्याशी.
कुठलं पाणी असं चढतं?

परवा काळ्या बर्फावर गाडी फिरली,
चरात गेली. मला काही झालं नाही.
डिकी उघडली आणि गठ्ठे एकमेकांत मिसळले,
सगळ्या वह्या निळ्या, सगळ्यांचे कोपरे ओले.
टो-ट्रकची वाट बघत,
मांडीवर घेऊन, नावाची पानं मागे दुमडून,
तशाच तपासायला लागले.

एकाने लिहिलं होतं:
"दहावं घर आमचं आहे.
उरलेली नऊ मी पाहिलेली नाहीत,
म्हणून सरासरी माझ्याशी नेहमीच खोटं बोलली."
पूर्ण गुण दिले. हात थांबला नाही.
पुढच्या वहीत बेरीजच चुकलेली,
हातचा एक कुठे तरी राहिलेला,
शेवटची ओळ झोपेत कागदावरून खाली घसरलेली.
नाव न उलटताच कळलं.

माझे आजोबा स्लोव्हाक, खाटीक होते.
त्यांच्या तराजूच्या एका पारड्याखाली
मेणाने चिकटवलेला शिशाचा खडा असायचा.
मी विचारलं, हे लबाडीसाठी ना?
म्हणाले, नाही गं, लबाडी आधीच असते दांडीत,
हा ती मोडायला.
मग जरा थांबून म्हणाले,
बाकी खडा तोच असतो.

ट्रकवाला आला, साखळी लावली,
म्हणाला, परीक्षा का? मुलगी शिकते माझी, नदीकाठी.
मी म्हटलं, हो का.
पेन हातात होतं. वही मिटलेली नव्हती.
अर्धा गुण,
पासंगालाही पुरणार नाही एवढा,
कुठल्या पारड्याखाली लावायचा
हे अजून ठरलं नव्हतं,
आणि गाडी उलट्या दिशेने वर ओढली जात होती.